काडी कुणी लावली?

...नाही, तुम्हीच सांगा, मुलीला मागणी घालायला माणसं यायची, त्या दिवशी विश्व कुणी निर्माण केलं हा विषय कुणी काढतं का? अख्ख्या इलोइलो शहरात फक्त आमच्याकडे. माझा नवरा रोमुलो शाळेत विज्ञान शिकवतो, माझा थोरला भाऊ चर्चमध्ये पाद्री, आणि दोघं समोरासमोर बसले की ताटातलं गार झालंच समजा. माझं म्हणणं एवढंच असतं, आधी जेवून घ्या, विश्व कुठं पळून जातंय?

तर तुम्हाला सांगते, सकाळीच दोघांना बजावलं, "मुलाची आई रोज चर्चला जाणारी आहे, आपल्या मारिविकचं लग्न मोडलं ना, तर दोघांनाही घराबाहेर काढीन." दोघांनी गप्प राहायची शपथ घेतली. रोमुलोनं माझी, कारण देवाची तो घेत नाही.

मुलाकडचे आले, मी फणस घालून डुकराचं कालवण मांडलं, वाफा निघतायत, आणि मुलाची आई, नांग पुरिंग, गोड आवाजात विचारते काय, "फादर, तो विश्वाच्या सुरुवातीचा स्फोट म्हणतात ना, त्याला काडी देवानंच लावली, हो ना?" झालं... मी टेबलाखाली रोमुलोचा पाय दाबला. त्यानं बिचाऱ्यानं घास तोंडात कोंबला. बोलला कोण, तर माझा भाऊ!

"तसं नाही हो बाई. उद्या शास्त्रज्ञ म्हणाले स्फोट झालाच नाही, मग मी काय चर्चला कुलूप लावू? माझा देव त्या स्फोटावर उभा नाही."

आता रोमुलोनं खूश व्हावं की नाही? छे, तो उलट चिडला. "वा पाद्रे, इतकी वर्षं काडी कुणी लावली विचारून माझं डोकं खाल्लंत, आता कुठं मला वाटायला लागलं की असेल बुवा कुणीतरी, आणि तुम्ही पलटी मारता?"

म्हणजे पाद्री म्हणतो स्फोट हा देवाचा पुरावा नाही, मास्तर म्हणतो आहे, आणि मी आपली म्हणतेय, आधी जेवून घ्या, विश्व कुठं पळून जातंय...

मला वाटलं, संपलं, आता ही बाई उठणार. उठलीच की. खुर्ची उचलून दोघांच्या मधोमध येऊन बसली, आणि म्हणते, "बरं, लावली काडी. पण काडी आली कुठून?" तिचा नवरा तेवढा मुकाट्यानं जेवत होता, देवमाणूस.

संध्याकाळी सगळे हसत हसत गेले. नांग पुरिंगनं तर मला मिठी मारली. फाटक लावताना मारिविक हळूच विचारते, "आई, मग मला मागितलं का त्यांनी?"

मागायचंच राहिलं की हो... पुढच्या रविवारी परत येतायत. मुलगी मागायला नाही, काडीचं काय ते ठरवायला.