भीती न्हाय, धास्ती

एमआरआयच्या खोलीबाहेर मी माझ्या नंबराची वाट बघत होते. शेजारच्या बाकावर नागाप्पा आणि शिवम्मा हे आजऱ्याकडचं म्हातारं जोडपं बसलं होतं. शिवम्मांचं नाव पुकारून नर्सनं त्यांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीकडे बोट दाखवलं.

"आजी, हे काढावं लागेल. आत धातू चालत नाही."

"ल्हानपणी स्वामींनी बांधलंय, बाई. जीव हाय तवर अंगावरनं उतरवत न्हाईत."

"थोड्या वेळाचं काम आहे. मशीनची भीती वाटते का?"

"भीती कसली? मशीन काय चावतंय व्हय? धास्ती वाटतीया."

"एकच झालं की."

"एकच कसं? म्हस अंगावर आली की भीती. पळालं की संपली."

"मग धास्ती?"

"धास्तीत पळायचं कुठं? लिंग भाईर आन् मी आत. तेवढ्यात काय झालं तर?"

"काय होतंय तेवढ्यात? दे हिकडं, मी धरतो." नागाप्पांनी हात पुढं केला.

"खिशात घालू नगासा. खाली ठेवू नगासा. मुठीतच धरा. आन् तंबाखू मळत बसू नगासा."

"व्हय की. जा तू."

दार बंद झालं. आतून मशीनची ठकठक सुरू झाली.

"आजोबा, चहा घेताय?" मी विचारलं.

"नगं. हात मोकळा न्हाय."

"दुसरा आहे की."

"दुसरा ह्याच्यावर हाय."

"घाबरलाय का?"

"न्हाय."

"मग धास्ती?"

"मला काय ठावं, बाई? ती भाईर आली की तिलाच इचार."