बुधवारची मटकी

रोजची कटकट कमी करायची म्हणता ना, मी केली आणि पस्तावलो. तळोज्याला कंपनीत चार वाजले की कामोठ्याच्या घरून बायकोचा फोन यायचा, "अहो, आज भाजी काय करू?" वैतागून मी वारच ठरवून दिले. सोमवारी मूग, मंगळवारी भेंडी, बुधवारी मटकी.

"बरं झालं, विचारायला नको," ती म्हणाली.

त्यानंतर तिचा फोन आलाच नाही. मुलगी सासरी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. जेवतानाही बोलणं सुचेना. काल चार वाजता मीच फोन लावला.

"आज काय करतेयस?"

"बुधवार ना? मटकी. काही काम होतं का?"

"नाही, सहजच."

"मग ठेवू?"

कितीतरी दिवसांनी तिनं मला काहीतरी विचारलं होतं.