एका टोलावर थांबलेली सायकल

मी, नाव वर लिहिल्याप्रमाणे, वय त्र्याहत्तर वर्षे, धंदा पूर्वी खाणीच्या तोंडावर घंटीवाला व आता निवृत्त, राहणार कालव्याकाठची जुनी कामगार वसाहत, शेवटून दुसरे घर, समक्ष हजर राहून सांगतो की, लोखंडी घंटेचा एक टोल आणि त्यापाठोपाठ जाड तारेचा दोर ताणून थांबल्याची करकर, हा आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही, आणि रविवारच्या प्रकाराची सुरुवात तिथूनच होते. हवालदार बाई म्हणाल्या, "आजोबा, रविवारपासून सुरू करा ना." मी म्हणालो की रविवारपासून सुरू केले तर माझा मित्र दोषी ठरतो. तेव्हा त्यांनी पंखा बारीक केला व म्हणाल्या, "बरं, सांगा."

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपल्या मर्जीने आलो आहे.

खाण चालू असताना माणसांची व मालाची ने-आण एका लोखंडी पिंजऱ्यातून होत असे. मी खाणीच्या तोंडाशी उभा राहून घंटी देत असे. पिंजरा ओढणारे इंजिन दूर एका दगडी खोलीत होते व तिथे माझा मित्र बसत असे. त्याला सगळे इंजिनवाला म्हणत, अजूनही म्हणतात. त्याच्या जागेवरून खाणीचे तोंड दिसत नसे. समोर भिंत, भिंतीवर एक काटा, आणि कानावर माझी घंटी. एक टोल म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली. तीन म्हणजे आत माणसे आहेत, सावकाश घे. सगळ्या नोकरीत मी एक टोल दिला आणि तो थांबला नाही, असे कधी झाले नाही. का थांबायचे, हे त्याने कधी विचारले नाही. विचारून थांबायचे तर उशीर झालेला असतो.

पुढे खाण बंद झाली. रूळ उपटून नेले. काही वर्षे त्या जागेवर नुसते गवत हलत असे. मग कोणाच्या तरी मनात आले व रुळांच्या जागी बारीक खडी अंथरून सायकलींची वाट केली. ती खाणीतून निघालेल्या दगड-मातीच्या ढिगाऱ्यांना वळसा घालून, पाणी भरलेल्या उघड्या खाणीच्या कडेने जाते व पुढे कालव्याच्या बांधाला मिळते. दोन्ही टोकांना लाकडी खुंट ठोकलेले असल्याने मोटारी येऊ शकत नाहीत. तिथे चाकाखाली खडीचा जो आवाज होतो, तो पाटीवर पेन्सिल फिरवल्यासारखा असतो. शाळेत आमचे मास्तर कविता पाठ म्हणून घेताना सांगत, ओळ संपली की थांबा, श्वास घ्या, ओळ आत उतरू द्या. त्या कविता मी सायकलवर अजून म्हणतो. त्यातली एक मी इथे म्हणून दाखवली. हवालदार बाई म्हणाल्या की छान आहे, पण कविता जबाबात घेता येत नाही. म्हणून ती लिहिलेली नाही.

दर रविवारी ऊन कलले की आम्ही दोघे निघतो. तो पुढे असतो, मी मागे. त्याचे गुडघे धरतात, म्हणून चाल त्याची ठेवतो. चढ आला की तो मान न वळवता ओरडतो, "काय रे घंटीवाल्या, कविता बंद पडली? धाप लागली वाटतं!" मी म्हणतो, "तू पुढे बघ. इंजिन खोकतंय." याहून महत्त्वाचे आम्ही सहसा काही बोलत नाही.

रविवारी वारा पडला होता. कालवा असा स्वस्थ होता की त्यात ढग उतरले आहेत की ढगांतून कालवा गेला आहे, हे चटकन सांगता आले नसते. हवालदार बाईंनी हे वाक्य दोनदा वाचून घेतले व ठेवले. मोठ्या ढिगाऱ्याजवळ वाट उजवीकडे वळते. तिथे बांध अरुंद आहे. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला पाणी भरलेली खाण, मधून वाट. इंजिनवाला माझ्यापुढे दहा-पंधरा हातांवर होता. मी सायकलची घंटी एकदा वाजवली. तो थांबला. दोन्ही पाय टेकले. मान वळवली नाही.

ज्यांनी इंजिनवाल्याविरुद्ध तक्रार दिली त्या तक्रारदार बाई सायकलच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीचा सराव करतात, हे मला नंतर कळले. त्या मला ओलांडून आम्हा दोघांच्या मध्ये केव्हा आल्या, हे मला सांगता येत नाही. आपण "काका, बाजूने येतेय" असे म्हटले होते, असे त्या सांगतात. म्हटले असेल. मी पाण्याकडे पाहत होतो. इंजिनवाला अचानक उभा राहिल्याने त्यांनी सायकल बाजूला घेतली, चाक खडीवरून घसरले व त्या सायकलीसह कालव्यात गेल्या. पाणी कमरेइतके होते. इंजिनवाल्याने आपली सायकल टाकली व बुटांसकट पाण्यात उतरला. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी त्याला पाण्यात उतरायला मना केले आहे. तो त्यांना म्हणाला, "बाई, हात द्या. हा नको, दुसरा द्या." म्हणजे मनगट मोडल्याचे त्याला आधी कळले, त्यांना मागाहून. मी काठावरून ओढले. वर आल्यावर बाई त्याच्यावर खूप रागावल्या. तो ऐकत उभा राहिला. माझ्याकडे त्याने बोट दाखवले नाही.

हवालदार बाईंनी विचारले, "पुढे काही धोका होता का? कुत्रं, लहान मूल, दगड?"

नव्हता.

"मग घंटी कशाला दिलीत?"

याचे उत्तर असे की, खाणीच्या पाण्यात ढिगारा उलटा दिसत होता. रोज दिसत नाही. वारा पडावा लागतो, ऊन तिरके यावे लागते. तो ढिगारा आम्हीच केलेला आहे. खालून आलेली दगड-माती पिंजऱ्यातून वर, डब्यांतून बाहेर, अशी वर्षानुवर्षे साठत गेली. त्यातला प्रत्येक पिंजरा माझ्या टोलावर आणि त्याच्या हातावर वर आला. तो ढिगारा त्या वेळी पूर्णच्या पूर्ण पाण्याखाली, टोक खाली करून उभा होता, झुडपांसकट. जणू आम्ही बाहेर काढलेले सगळे कोणीतरी जागच्या जागी परत नेऊन ठेवले आहे. त्याने हे पाहावे असे मला वाटले. नोकरीभर त्याच्यासमोर भिंत होती. हाक मारली असती तर तो म्हणाला असता, "पुढच्या वेळी बघू, गुडघे गरम आहेत तोवर चल." म्हणून एक टोल दिला.

हे ऐकून हवालदार बाईंनी पेन खाली ठेवले. मग उचलले. म्हणाल्या, "देखावा बघण्यासाठी, असं लिहू?"

मी म्हणालो, "लिहा. शब्द जरा अपुरा आहे, पण लिहा."

त्याने तो पाहिला का, असेही त्यांनी विचारले. नाही. तो कालव्यात उतरला तेव्हा खाणीकडे त्याची पाठ होती, आणि बाईंना वर काढेपर्यंत ऊन सरकले होते. नंतर आम्हाला बाईंना वस्तीपर्यंत न्यायचे होते.

तक्रारीत असे आहे की, सदर वृद्ध इसम विनाकारण वाटेत थांबला, सबब अशा वयाच्या लोकांना त्या वाटेवर सायकल चालवण्यास मनाई व्हावी. इंजिनवाल्याने सोमवारी इथे येऊन आपला ब्रेक चिकटला असे सांगितले व सही केली. त्याच्या मुलाने त्याच दिवशी सायकल जिन्याखालच्या खोलीत ठेवून कुलूप लावले. पोलीस काय ते ठरवतील, मग बघू, असे मुलाचे म्हणणे आहे. मुलगा वाईट नाही.

काल मंगळवारी मी त्यांच्या घरी गेलो. सूनबाईंनी दार उघडले. म्हणाल्या, "काका, तुम्हीच सांगा आता. सोमवारपासून असेच बसलेत." त्याने खुर्ची भिंतीकडे तोंड करून मांडली होती. सूनबाई म्हणाल्या, "खिडकीकडे वळवून दिली तर परत फिरवतात. मी म्हटलं, बाबा, अंगणात फेऱ्या मारा, तेवढाच व्यायाम. तर म्हणतात, अंगण कुठे जातं?"

मी त्याला विचारले, "काय सांगितलंस तिथे?"

"ब्रेक चिकटला."

"ब्रेक मी स्वतः साफ करून दिला होता."

"मग नीट केला नसशील."

"घंटीचं का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "घंटी तुझी. थांबलो मी." एवढे बोलून तो परत भिंतीकडे पाहू लागला. मग म्हणाला, "कशासाठी होती रे?" एवढ्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा विचारले. मी चहा न घेता घरी आलो.

तरी माझे म्हणणे असे की, इंजिनवाला विनाकारण थांबलेला नाही. त्याच्या ब्रेकमध्ये काही दोष नाही, त्याच्या वयातही नाही. टोल माझा होता. मागे कोण आहे हे पाहिल्याशिवाय दिला, ही चूक माझी. मनाई करायची तर मला करावी. माझी सायकल मी बरोबर आणली आहे, बाहेर भिंतीला लावली आहे, हवी तर ठेवून घ्यावी. त्याची मात्र सोडावी. त्याला अजून तो ढिगारा पाहायचा आहे, व वारा रोज पडत नाही.

हवालदार बाईंनी हे सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. मी जे बोललो तेच कागदावर उतरले आहे, कविता तेवढी सोडून. त्यात कोणी मला शिकवून घातलेले काही नाही. खाली सही करीत आहे.

सहीसाठी पेन हातात घेतले असता दार लोटून तक्रारदार बाई आत आल्या. त्या येणार असल्याचे ठाण्यात कोणास माहीत नव्हते. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. बूट घोट्यापर्यंत तांबड्या ओल्या मातीने भरलेले. तसली माती या बाजूला फक्त त्या वळणावरच्या बांधाला आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. टेबलाजवळ येऊन म्हणाल्या, "मॅडम, माझी पाण्याची बाटली तिथे राहिली होती. ती शोधायला गेले होते आत्ता." हवालदार बाईंनी खुर्ची पुढे केली, तीवर त्या बसल्या नाहीत.

म्हणाल्या, "माझ्या तक्रारीत विनाकारण असा शब्द आहे. तो खोडायचाय. आज वारा पडलाय. तिथे कुणीही थांबेल."

हे वाक्य बाईंच्या जबाबात घ्यायचे की माझ्या, असे हवालदार बाईंनी मला विचारले.