ताजमहालात हरवलेल्या हौसाबाई

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा अन् ऐका! आज एक साधंच विचारतो. आपलं माणूस हरवतं कधी? गर्दीत हात सुटला – तेव्हा? तसं असेल तर सोपं आहे हो! हात घट्ट धरा, झालं काम! पण मी म्हणतो, ते त्याच्या कितीतरी आधीच हरवलेलं असतं. कसं? सांगतो ना!

आमच्या गावचे बाजीनाना. गुळाच्या सौद्यात बोली पुकारायचे. आवाज असा, की ढेपेवरच्या माश्या उठायच्या! अहो पेटीवाले, हसू नका – माश्यांनाही जीव असतो! तर नाना निघाले गावच्या सहलीबरोबर आग्र्याला, ताजमहाल बघायला. संगं हौसाबाई, त्यांची बायको. चालायची रीत ठरलेली – नाना पुढं, हौसाबाई मागं. लग्नाच्या दिवशी मागं चालल्या त्या आजतागायत मागंच! नानांनी कधी वळून बघितलं? छे! जोडवी वाजतायत ना? मग आहे ती!

ताज दिसला अन् नाना हरखलेच. "अगं, बघितलंस का? राजानं बायकोसाठी बांधलंय! बायकोसाठी! प्रेम म्हणतात ते हे!" चौथऱ्याखाली चपला काढल्या, वर चढले. आत जाऊन आले. मागच्या अंगाला गेले. तोंड चालूच! "ही नक्षी बघ. ती यमुना बघ. पाणी कमी दिसतंय, नाही?" पुन्हा विचारलं, "अगं, नाही का?" वळले – तर मागं एक गोरीपान परदेशी बाई! ती बिचारी म्हणते, "येस, येस!"

हसताय? अहो, हौसाबाई मागं नव्हत्याच! परका मुलूख. हौसाबाईंना हिंदीचं एक अक्षर येत नाही. आपली बस कुठं उभी आहे ते ठाऊक नाही. कुणी फसवून नेलं तर? नाना धावत खाली आले. बागेत, कारंज्यापाशी, फाटकापाशी – कुठंच नाही! शेवटी गाठला शिपाई. "साहेब, हमारी बायको हरवली!"

शिपाई भला माणूस. त्यानं विचारलं, "साडी किस रंग की है?"

नाना आठवायला लागले. हिरवी? का जांभळी? सकाळी धर्मशाळेत तिनंच चहा आणून हातात दिला होता. चहा आठवतो. कप आठवतो. लुगडं आठवेना! मंडळी, ताजच्या कमानीवर कुठलं फूल कोरलंय ते नानांनी धडाधड सांगितलं असतं. तिथं मात्र भर चौकात त्यांना रडू फुटलं.

मग ओरडायला लागले, "अगं ए! अगं ए!" झालं! तिथं मराठी बायका होत्या तेवढ्या सगळ्या वळल्या! प्रत्येकीला वाटलं, आपलेच बोलावतायत! आता काय करायचं? नाव घ्यायचं? चारचौघांत बायकोचं नाव नानांनी जन्मात घेतलं नव्हतं. पण जीव कासावीस झाल्यावर कसली लाज? छाती भरून घेतली अन् सौद्यातला तो आवाज लावला –

"हौसाऽऽऽ!"

कबुतरं उडाली! अन् चौथऱ्याखालच्या कोपऱ्यातनं, कडुलिंबाखालनं आवाज आला, "अगं बया! नाव काय घेताय? इथंच आहे की मी!"

हौसाबाई बसल्या होत्या. पदराखाली नानांच्या कोऱ्या करकरीत चपला! देवळात गेलं की एकानं बाहेर चपला राखायच्या, ही आपली सवय. नानांनी चपला काढल्या अन् हौसाबाई तिथंच थांबल्या. इतका मोठा ताज, पण आत पाऊलच टाकलं नाही! नानांना चपलांची आठवण झाली असती, तर बायको तेव्हाच सापडली असती. पण गडी तापल्या फरशीवर अनवाणी पळत होता!

"अहो, पाय भाजले की तुमचे!" त्या म्हणाल्या.

"भाजू देत!" नाना मटकन खाली बसले. हसतायत, रडतायत, तिचा हात सोडेनात. "सापडलीस बाई! सुटलो! चपला गेल्या असत्या तर गेल्या असत्या गं! तू गेली असतीस तर मी काय तोंड घेऊन घरी गेलो असतो?" मग एकदम उठून म्हणाले, "आता तू आत जा. निवांत बघून ये. मी बसतो चपलांपाशी."

अन् बसले! हौसाबाई पायऱ्या चढून जाताना पहिल्यांदा त्यांना नीट दिसल्या. लुगडं मोरपंखी होतं.

ताज नानांनी पुन्हा बघितला नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीकडची जागा बाईंना दिली. त्यांनी ताजचं सगळं वर्णन केलं, अन् बाजीनाना, एवढे बोलके – तोंड मिटून ऐकत होते!

आता पुरुष मंडळी, इकडं बघा. माझ्याकडं! मान वळवायची नाही! तुमच्या घरची माउली त्या बाजूला बसलीय. आज कुठल्या रंगाचं लुगडं नेसून आलीय – सांगा! ... बोला की! बायका हसतायत अन् तुम्ही जमिनीकडं बघताय! घाबरू नका, तुमचं माणूस दहा हातांवर आहे. किती भाग्याची गोष्ट आहे! शोधायला आग्र्याला जायला नको.

चला, टाळ उचला. पण देवाचं नाव मी जरा थांबून सांगतो. आधी तिचं नाव घ्या. मनात नको – मोठ्यानं!