सोमवारचा खारट घोट

समुद्राचं निघालंच आहे, तर आमचं ऐका. लेकीचं लग्न जमावं म्हणून मी सोमवार धरले होते, तेही बिनमिठाचे. दोन-दोन भाज्या कोण करणार, म्हणून वडीगोद्रीला आमच्या घरी त्या दिवशी ह्यांच्या ताटातही अळणीच पडायचं. बिचारे गुमान खायचे.

हरिहरेश्वरला पोचलो तो नेमका सोमवार. मी समुद्राला हात लावायला वाकले आन् लाट थेट तोंडात! खारट घोट गिळलाच गेला. मला रडू फुटलं.

“अहो, मोडला की माझा सोमवार! आता लेकीचं कसं व्हायचं?”

“इतक्यानं काई होत न्हाई,” हे म्हणाले. पण माझं मन मानेना.

काठावरच्या दुकानात कोकम घ्यायला गेलो. दुकानातल्या मावशींनी माझे डोळे पाहून विचारलं, तसं मी सगळं सांगितलं. त्या हसल्याच.

“अहो ताई, समुद्र आमचा देव. त्यानं स्वतः भरवलं, म्हणजे प्रसाद झाला. प्रसादानं कधी उपास मोडतो होय?”

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात हे लगबगीनं पुढं सरकले.

“मावशी, जल्दी एक रिकामी बाटली द्या. दर सोमवारी भाजीत घालायला थोडा प्रसाद घरी नेतो!”