हलगीवरचा पाळक

वाटूर फाट्यावर मला आता चर्चचा पाळक कोणीच म्हणत न्हाई, रीलवाले साहेब म्हणतेत! हसू नका, चहा सांडंल.

ईस्टरला मी प्रवचनात सांगत होतो, की मेलेला येशू उठला हे ऐकून त्याचा शिष्य पेत्र कबरीकडं कसा पळत सुटला. सांगता सांगता मीच झगा वर धरून वेदीपासून दारापर्यंत पळालो. आमच्या रूथनं, म्हणजे पोरीनं, ते मोबाइलात धरलं, त्याला हलगी जोडली अन् टाकली रील! मंग काय, प्रत्येक वरातीत पोरं झगा धरल्यासारखी पळून राह्यली.

मी रूथवर जाम तापलो. ती म्हणली, "पप्पा, तुमचं प्रवचन लोक पहिल्यांदाच परत परत पाहून राह्यलेत."

परवा एक वरात चर्चसमोरच थांबली. नवरदेवाचे मामा म्हणले, "साहेब, एकदा पळून दाखवा न!"

"मामा, मी कबरीकडं पळत होतो, माहीत हे का?"

हलगी बंद. मामा भडकले, "शुभकार्यात कबरीचं नाव? अन् मयताला असं पळत जातं का कोणी?"

मी म्हणलं, "मामा, तुमचं माणूस गेलंय, अन् कोणी येऊन सांगितलं की ते उठून बसलंय. तुम्ही चालत जाल का?"

मामा एकदम हलगीवाल्यावर ओरडले, "अरे, थांबला काय? वाजीव!"

अन् मी झगा वर धरून पळायला लागलो, तर मामा धोतर वर धरून पळाले की हो, माझ्याही पुढं!