पाच पेनल्टी आणि काकूची खिडकी

सन्माननीय अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, आमचे प्रशिक्षक सर, मागच्या बाकांवर दाटीने बसलेले खेळाडू आणि आमची काकू, सर्वांना नमस्कार.

माझा धाकटा भाऊ उद्या मोठ्या संघात खेळायला निघतो आहे. त्याच्या यशात माझा वाटा किती, असे बरेच जण विचारतात. नेमका आकडा सांगतो. पाच गोल.

चौदा मार्च, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. क्लबच्या फुटबॉल मैदानावर मी गोलपाशी उभा राहून हातमोजे घट्ट करत होतो. आजचे प्रमुख पाहुणे त्या दिवशी गोलरक्षक निवडायला आले होते. म्हणजे मला पाहायला. पेनल्टी मारायला कुणीतरी हवे होते. भाऊ माझी पाण्याची बाटली घेऊन आलाच होता, सरांनी त्यालाच उभे केले.

आता आमच्या अंगणाबद्दल सांगायला हवे. तिथे गोलच्या मागेच काकूच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे. म्हणून लहानपणापासूनचा नियम असा, की मारणाऱ्याने आधी बाजू सांगायची. म्हणजे मी चेंडू अडवणार, काच वाचणार आणि आम्हाला जेवण वेळेवर मिळणार.

त्या दिवशीही सवयीने तो हळूच म्हणाला, "दादा, तुझ्या डावीकडे."

मी विचार केला, आज निवड आहे. आज कोण खरे सांगेल? मी उजवीकडे झेपावलो. चेंडू डावीकडून आत गेला. दुसऱ्या वेळी वाटले, एकदा खरे बोलला, आता नक्की फसवणार. काय सांगू? पाचही वेळा तो खरे बोलला आणि पाचही वेळा मी हुशारी केली. पाहुण्यांनी वहीतले नाव बदलले. आडनाव एकच असल्यामुळे त्यांना फारसे खोडावे लागले नाही.

घरी जाताना तो म्हणाला, "दादा, मी सांगत होतो ना."

"ऐकू आलं होतं," मी म्हणालो.

दारात काकूने विचारले, निवड झाली का? मी म्हणालो, झाली. कुणाची, ते त्याने सांगितले, आणि मग तिघेही जेवायला बसलो.

तर भावा, तिथे गोलच्या मागे खिडकी नसते. तिथे कुणाला बाजू सांगू नकोस. सुट्टीत घरी आलास की मात्र सांग. या वेळी मी ऐकेन.

बोलू दिलेत, आभारी आहे. माझ्या पाच चुका क्लबच्या नोंदवहीत आहेतच. आज बोलताना सहावी झाली असेल, तर तेवढी पाहुण्यांनी लिहून घेऊ नये.